घरात शुगरचं माणूस असेल तर अ‍ॅल्युलोज कसं वापरायचं

आपल्या सांगली-मिरजेकडं घरात कुणाला शुगर निघाली की पहिला वाद चहावरनं होतो. एवढा उसाचा पट्टा, गोड चहाशिवाय पाहुणा उठत नाही, आणि आप्पांना सांगायचं की आजपासून बिनसाखरेचा. मग कुणीतरी ऑनलाइन अ‍ॅल्युलोजचं पाकीट मागवतं आणि ते नेमकं किती घालायचं, कधी घालायचं हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अ‍ॅल्युलोज ही दुर्मिळ, म्हणजे निसर्गात फार थोड्या मिळणाऱ्या, साखरांपैकी एक. अंजीर, बेदाणा, मळी यात असते पण नावापुरतीच, त्यामुळं तासगावचा बेदाणा खाऊन शुगर उतरते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, बेदाण्यात सगळा भरणा ग्लुकोज-फ्रुक्टोजचाच आहे. जपानच्या कागावा विद्यापीठात केन इझुमोरी यांनी फ्रुक्टोजपासून ही साखर बनवून देणारं एन्झाइम शोधलं आणि तिथनं पुढं ती भरपूर बनवता यायला लागली. गोडी नेहमीच्या साखरेच्या साधारण 70 टक्के. कॅलरी मात्र ग्रॅमला 0.4 धरतात, साखरेच्या 4 असतात. बरीचशी रक्तात जाते आणि न वापरता लघवीवाटे बाहेर पडते.

आता खरा मुद्दा. ती नुसती साखरेच्या जागी येते एवढंच नाही, ती थोडी अडवते पण. भाकरी-भातातला स्टार्च आणि साखर आतड्यात तोडायचं काम अल्फा-ग्लुकोसिडेज नावाची एन्झाइम करतात, त्यांना ही हळू करते. डॉक्टर व्होग्लिबोजची गोळी देतात ना, तिचं काम त्याच जागी चालतं, पण गोळी कितीतरी जोरकस असते, त्यामुळं अ‍ॅल्युलोज चालू केलं म्हणून गोळी बंद करायची नाही. शिवाय लिव्हरमधलं ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं आणि ग्लुकोज साठवणीत जातं, हे उंदरांवरच्या प्रयोगात चांगलं दिसलंय. जपानात माणसांना चहातून 5 ग्रॅम देऊन वर जेवण दिलं तेव्हा जेवणानंतरची शुगर कमी चढली.

म्हणजे वेळ महत्त्वाची. अडवायचं काम जेवण पोटात असतानाच होणार, दुपारी चारला नुसत्या चहात घातलंत तर साखर टळली एवढाच फायदा. तो पण मोठाच आहे म्हणा, पण सकाळच्या पोह्यांबरोबर जो चहा असतो त्यात घाला. पातेल्यात नको, महाग पडतं, त्यांच्या एकट्याच्या कपात एक सपाट चमचा, तो 4-5 ग्रॅम भरतो. पहिला आठवडा अर्धाच चमचा द्या, कारण जास्त झालं की पोट गुडगुडतं, गॅस, जुलाब. कोरियात धडधाकट तरुणांवर तपासलं तेव्हा एका वेळी किलोमागं 0.4 ग्रॅमपर्यंत चाललं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 24 ग्रॅम. आपल्या घरातल्या सत्तरीच्या माणसाला तिथपर्यंत न्यायची काहीच गरज नाही.

पाकीट घेताना मागची बाजू वाचाच. 14 आकडी एफएसएसएआय नंबर बघा आणि घटकात नुसतं अ‍ॅल्युलोज आहे का ते बघा, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) मिसळलेलं असेल तर ठेवून द्या, ते शुगर चढवतं.

उपयोग होतोय का हे ग्लुकोमीटरवर बघायचं. एक दिवस प्लेटभर पोहे आणि बिनसाखरेचा चहा, दुसऱ्या दिवशी तेवढेच पोहे आणि अ‍ॅल्युलोजचा चहा, दोन्ही दिवशी खायच्या आधी, तासानं आणि दोन तासांनी बोट टोचायचं. पोहे खरंच तेवढेच पाहिजेत, एक दिवस बटाटा जास्त पडला की सगळं बिघडलं. असं तीन-चारदा केलं की कळतं. फरक दिसला नाही तर नाही, प्रत्येकाचं अंग वेगळं.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, आईला, वहिनींना, शेजारच्या काकूंना पण. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असलेल्या माणसाची शुगर एकदम उतरली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर अ‍ॅल्युलोजचा गोड चहा देऊन काहीही उपयोग होणार नाही, त्यानं शुगर चढतच नाही. ग्लुकोज पावडर द्यायची. व्होग्लिबोज किंवा त्याच जातीची अकार्बोजची गोळी चालू असेल तर साध्या साखरेनं पण वेळ लागतो कारण ती फुटायलाच अडते, म्हणून ग्लुकोजचाच डबा आणि तो हाताशी, कुलपात नाही. डब्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहा, दोन्ही पावडरी दिसायला सारख्याच पांढऱ्या.

या साखरांनी कॅन्सर बरा होतो असे मेसेज फिरतात ते पुढं पाठवू नका. अ‍ॅलोज नावाच्या दुसऱ्या दुर्मिळ साखरेनं काही कॅन्सर पेशींची वाढ लॅबमधल्या बशीत मंदावली, तेवढंच त्यात खरं आहे. द्राक्षबागायतदारांनी मात्र टॅगाटोज या आणखी एका दुर्मिळ साखरेचं नाव लक्षात ठेवावं, इटलीत वेलींवर प्रयोग झालेत आणि डाऊनी, भुरी हे वेलीचे दोन्ही रोग कमी झाल्याचं दिसलंय.

स्वयंपाकात बासुंदी, खीर, शिरा झकास होतो. फक्त ही साखर लवकर लाल होते, म्हणून शिऱ्यात अगदी शेवटी घाला आणि गॅस बारीक ठेवा. चिक्की किंवा तिळाच्या वडीच्या नादाला लागू नका, पाक कडक होतच नाही, वडी कापली तरी सुरीला चिकटून ताणत येते आणि ताटात परत बसते.