कर्नल मॉड्यूल लिहायला बसलाय? आधी या चुका टाळा

दरवर्षी प्रोजेक्टच्या सीझनला सोलापुरातली चार-पाच पोरं तरी माझ्याकडं येतात आणि वाक्य एकच, "सर, कर्नलमधून पाहिजे ते मिळंना, म्हणून मॉड्यूल लिहायलोय." कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्यातच घुसवलेला आपला कोड. तयार सोय आहे का हे न बघताच मॉड्यूल लिहायला बसतात, इथंच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक होते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात असंच झालं. कुठला प्रोग्राम कुठली फाईल उघडतो एवढंच बघायचं होतं. पोरानं केप्रोब (कर्नलच्या फंक्शनवर लावायचा सापळा) लावून मॉड्यूल लिहिलं, आणि प्रोग्रामकडनं आलेला फाईलनावाचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, सरळ वाचला. त्याच्या जुन्या पीसीवर दोन दिवस छान चाललं. कारखान्याच्या नव्या मशीनवर टाकलं आणि पहिल्याच फाईलला ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक), मशीन ठप्प, रात्रपाळीची नोंद बंद. मे महिन्यात रात्री दीड वाजता तिथं बसून लॉग वाचला तेव्हा कळलं, एसएमॅप. इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीपासून प्रोसेसरच कर्नलला युजरची मेमरी अशी सरळ वाचू देत नाही, आणि जुन्या पीसीत ते नव्हतंच. म्हणजे कोड पहिल्या दिवसापासून चुकीचा होता, चालत होता एवढंच.

ते मॉड्यूल मी काढूनच टाकलं. बीपीएफ म्हणजे कर्नल आधी तपासून मगच आत चालवतो असे छोटे प्रोग्राम, आणि बीपीएफट्रेस हे ते लिहायचं साधन. त्यात ओपनॅटच्या (फाईल उघडायच्या कॉलच्या) ट्रेसपॉइंटवर, म्हणजे कर्नलनंच दिलेल्या नोंदीच्या जागेवर, एक ओळ लिहिली, काम झालं. कधीकधी फाईलचं नाव रिकामं येतं, कारण कॉल सुरू होताना ते पान मेमरीत आलेलं नसतं, मग पॉइंटर जपून ठेवायचा आणि कॉल संपताना वाचायचा.

कर्नलनं हार्डवेअर फक्त सुरक्षित वाटून द्यावं, बाकीचं प्रोग्रामनं बघावं, हा एक्सोकर्नलचा विचार एमआयटीतल्या लोकांनी 1995 लाच मांडला. लिनक्स काही एक्सोकर्नल झालं नाही, पण दारं भरपूर उघडली: फाईलसिस्टिमसाठी फ्यूज, पेज फॉल्टसाठी (पान मेमरीत नसलं की येणारी अडचण) युजरफॉल्टएफडी, आणि लिनक्स 6.12 पासून शेड्यूलरसुद्धा, म्हणजे कुठला प्रोग्राम कधी चालवायचा ते ठरवणारा भाग, बीपीएफमध्ये लिहिता येतो. आधी दार शोधा, भिंत नंतर फोडा.

दुसरी चूक म्हणजे व्हेरिफायरशी, म्हणजे बीपीएफ प्रोग्राम चालवायच्या आधी तपासणाऱ्या कर्नलच्या भागाशी, भांडण. मॅपमधून (बीपीएफचा डेटा ठेवायचा तक्ता) आलेला पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, आहे का हे न बघता वापरतात, व्हेरिफायर प्रोग्राम नाकारतो, मग नेटवरनं कायतरी चिकटवत बसतात. अरे, एरर शेवटून वर वाचा, कुठला रजिस्टर ते त्यानं लिहिलेलं असतं! मी तर मॅपमध्ये शोधण्याच्या (लुकअपच्या) पुढच्याच ओळीत इफ लिहितो, दुसरं काही सुचायच्या आत.

बीपीएफ प्रोग्रामचा स्टॅक (तात्पुरत्या व्हेरिएबलची जागा) 512 बाइटचाच आहे, मोठा बफर पर-सीपीयू मॅपमध्ये ठेवा.

कर्नलच्या स्ट्रक्टचे ऑफसेट (आतल्या फील्डच्या जागा) हातानं लिहू नका, कर्नल बदलला की चुकीचं वाचाल, बीटीएफ (कर्नलनं दिलेली स्ट्रक्टची माहिती) त्यासाठीच आहे.

आणि मॉड्यूल लिहावंच लागलं तर कॉपी फ्रॉम युजर (युजरची मेमरी सुरक्षित आणायचं फंक्शन) काय परत देतो ते तपासा, शून्य नसेल तर तेवढे बाइट आलेलेच नाहीत. चाचणी व्हर्च्युअल मशीनवर, आधी स्नॅपशॉट मगच इन्समॉड (मॉड्यूल कर्नलमध्ये चढवायची कमांड). स्नॅपशॉटला एक मिनिट लागतं म्हणून तो टाळणाऱ्या पोराला मी कारखान्याच्या मशीनवर हात ठेवू देत नाही.