कंपनीत लागायचंय? वाळूजमधून चार गोष्टी

मी मूळचा केज तालुक्यातला. अंबाजोगाईला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागलो आणि आता क्वालिटीमध्ये आहे. भरती असली की एचआरच्या शेजारची खुर्ची माझ्याकडं येते. समोर बसलेली पोरं कुणी गंगाखेडचं, कुणी भूमचं, कुणी सेनगावचं. हुशार असतात, पण बऱ्याच जणांची तयारी नको त्या गोष्टीची असते.

'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं इंग्रजी उत्तर पाठ करून आलेलं पोरगं तिसऱ्या वाक्याला अडकतं, घामाघूम होतं. शॉप फ्लोअरच्या, म्हणजे मशीनवरच्या, नोकरीसाठी निम्म्याहून जास्त बोलणं मराठी-हिंदीतच होतं. "सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?" असं सरळ विचारा. कुणी नाही म्हटलेलं मी तरी पाहिलं नाही. मशीनवरच्या सूचना आणि ड्रॉइंग इंग्रजीत वाचता आलं पाहिजे, ते मात्र लागतंच.

खरी परीक्षा वेगळीच असते. एचआरच्या डोक्यात एकच किडा वळवळत असतो: हा टिकणार का? दोन-तीन महिने शिकवायचं आणि हाताला वळण लागलं की पोरगं गायब, हे त्यांनी ढीगभर वेळा पाहिलेलं असतं. सोयाबीनची काढणी आली की हजेरीपट रिकामा, लग्नसराईत पुन्हा तेच. म्हणून "गाव कुठलं? शेती किती? कोण बघतं?" हे प्रश्न गप्पा म्हणून विचारलेले नसतात. "आहे थोडी" म्हणून मोकळं होऊ नका. "चार एकर आहे, थोरला भाऊ बघतो, काढणीला गरज पडली तर साप्ताहिक सुट्टीला जोडून एक रजा आधी सांगून घेईन" असं उत्तर आलं की एचआरचा पेन खाली ठेवला जातो.

पोलीस भरतीचंही तसंच. आमच्याकडचे एक साहेब सहज विचारल्यासारखं विचारतात, "तब्येत चांगली आहे की, 1600 मीटर किती मिनिटांत मारतो?" पोरगं छाती फुगवून वेळ सांगतं आणि तिथंच सापडतं. दोन मिनिटांपूर्वीच त्यानं "स्पर्धा परीक्षा वगैरे काही नाही सर" म्हटलेलं असतं. माझं मत असं की भरतीची तयारी करणं हा काही गुन्हा नाही. मराठवाड्यातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी ती करतंच. "भरतीचा फॉर्म भरतो, पण घरात कमावणारा मीच आहे, दोन वर्षं तरी नोकरी सोडता येणार नाही" हे खरं असेल तर तसंच सांगा.

आता टेक्निकल. आमच्या टेबलावर लेथवर टर्निंग केलेली एक शाफ्ट (गोल दांडा) आणि माप घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर ठेवलेला असतो. "माप घे" एवढंच सांगतो. बहुतेक जण लगेच शाफ्ट जबड्यात धरतात. एखादाच आधी जबडे कापडानं पुसतो, पूर्ण बंद करून झिरो जुळतो का बघतो आणि मग माप घेतो. माझं निम्मं मत तिथंच झालेलं असतं. मग रीडिंग. साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यांत लहान माप) 0.02 मिलिमीटर असतो, म्हणजे शेवटचा आकडा समच यायला हवा. कुणी 24.97 सांगितलं की समजायचं, गडी अंदाज ठोकतोय. 24.96 आलं, तर पुढचा प्रश्न: ड्रॉइंगवर 25 अधिक-उणे 0.05 आहे, पास की रिजेक्ट? पास. आणि 24.94 असतं तर? इथं "थोडं घासून बसवू" म्हणणारे निघतात. अरे, आधीच बारीक झालेला माल घासून मोठा कसा होईल! पुन्हा मोजतो, लाल ट्रेमध्ये वेगळा ठेवतो, सुपरवायझरला सांगतो आणि मागचे पीस तपासतो, एवढं आम्हाला ऐकायचं असतं. आयटीआयच्या किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आठवडाभर रोज अर्धा तास मापं घ्या. मुलाखतीच्या यूट्यूब व्हिडिओंपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

प्रोजेक्ट विकत घेतला असेल तर तो बायोडाटात मोठ्या अक्षरात लिहू नका, त्यावरच प्रश्न येतात. उलट जे स्वतः केलंय तेच पोरं लपवतात. मागं एकाच्या कागदावर दीड वर्षाची गॅप होती. विचारलं तर मान खाली. बरंच खोदल्यावर म्हणाला, गावातल्या ट्रॅक्टर गॅरेजवर होतो. मग ट्रॅक्टरची ट्रॉली उचलत नसेल तर काय बघशील, असं विचारलं. ऑइलची पातळी, फिल्टर, पंप, सील अशा क्रमानं तो दहा मिनिटं बोलत राहिला, आणि मेंटेनन्सचे साहेब खुर्ची पुढं ओढून ऐकत होते. तो आज आमच्याच हायड्रॉलिक प्रेसवर आहे. घरचे ऊसतोडीला गेल्यावर मागं घर आणि जनावरं सांभाळली म्हणून वर्ष गेलं असेल, तर तेही सांगावं. लाजायचं काय त्यात?

निवड झाली की सगळ्यांचा पहिला प्रश्न: पेमेंट किती? समजा 18,000 सांगितले. त्यात कंपनीनं भरायचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) धरलेला असतो. ग्रॉस (कटिंगच्या आधीचा पगार) 16,000 आणि त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 12,000 असेल, तर तुमचा 12 टक्के पीएफ 1,440, ईएसआयसी 0.75 टक्के म्हणजे 120, व्यवसाय कर 200. हातात 14,240. (25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, मुलींनी स्लिप बघून घ्यावी.) कटिंग दिसली की पोरं नाराज होतात आणि "पीएफ कापू नका, हातातच द्या" म्हणणाऱ्या ठेकेदाराकडं जातात. तेवढाच पीएफ मालकालाही भरावा लागतो, हे विसरतात. शिवाय 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआयसीत घरच्यांचाही दवाखाना होतो आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावंही घालता येतात.

पत्रावर नाव कुणाचं आहे ते वाचा. गावाकडं "मोठ्या कंपनीत लागला" म्हणून पेढे वाटून होतात आणि पत्र निघतं ठेकेदाराचं. ठेकेदाराकडं काम करण्यात कमीपणा नाही, माझे कितीतरी चांगले सहकारी तसेच आले. पण पगार कोण देणार, पीएफ कुणाच्या कोडवर भरला जाणार, हे पहिल्याच दिवशी माहीत असावं. अप्रेंटिस म्हणून घेतलं असेल तर ते प्रशिक्षण आहे आणि मिळतो तो स्टायपेंड. मुदत संपली की परमनंट करतीलच असं गृहीत धरू नका. आणि नोकरी लावण्यासाठी कुणी पैसे मागितले तर चहा न पिता उठायचं.

कागदपत्रांत आपल्याकडं हमखास घोळ होतो तो नावाचा. सनदेवर दत्तात्रय, आधारवर दत्ता, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं, आणि जन्मतारीख शाळेत मास्तरांनी टाकलेली. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढताना किंवा पुढं पीएफ काढताना हे सगळं अडतं. नोकरी शोधायच्या आधीच आधार, पॅन, बँक पासबुक आणि दहावीची सनद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. यूएएन आयुष्यभर एकच असतो. कंपनी बदलली की जुना नंबर द्यायचा आणि रक्कम ट्रान्सफर करायची. दर वेळी काढून घेतली तर पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षांची सेवा मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. पैसे खरंच भरले जातात का, ते उमंग ॲपवरच्या पासबुकात दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा.

राहायचं म्हणाल तर बजाजनगर किंवा रांजणगाव शेणपुंजीत तिघा-चौघांत रूम परवडते. रूम बघताना भाड्याआधी पाण्याचं विचारा, उन्हाळ्यात टँकर कोण आणतं ते ठरवून घ्या. शक्य तर एकाच शिफ्टचे पार्टनर बघा. थर्ड शिफ्ट करून आल्यावर शेजारी मोबाइलवर रील चालू असतील तर झोप होत नाही, आणि न झोपलेला माणूस प्रेसवर नको. पहिल्या पगारात गाडीचा हप्ता लावून घेऊ नका. कायम होण्याआधी ब्रेक देऊन घरी बसवलं तर हप्ता थांबत नाही.

सोडायची वेळ आली तर व्हॉट्सॲपवर "येणार नाही" टाकून गायब होऊ नका. राजीनामा लेखी, पोच घेऊन, नोटीस पूर्ण करून. रिलीव्हिंग लेटर आणि शेवटची पगार स्लिप हातात घेऊनच गेट सोडा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथले सुपरवायझर एकमेकांना ओळखतात, आणि नवी कंपनी जुन्या ठिकाणी फोन लावतेच. आमचे एचआर फोनवर कामाचं नंतर विचारतात. पहिलं विचारतात, "रविवारी गावाकडं गेला की सोमवारी येत होता का?"