काचशिल्प प्रदर्शनाला पाठवण्यापूर्वी

ओतीव काचेला मागाहून तडे जातात ते बहुतेकदा भट्टीतल्या घाईमुळे. सीओई 90 ची (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा) 50 मिलिमीटर जाड काच 482 अंश सेल्सिअसला सुमारे 8 तास धरा. मग 427 अंशांपर्यंत तासाला साधारण 7 अंशांनीच उतरवा.

थंड झाल्यावर काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझिंग फिल्ममधून (एकाच दिशेच्या प्रकाशलहरी जाऊ देणाऱ्या पट्ट्या) तुकडा पाहा. काळ्यावर पांढरट उजेड दिसला की ताण शिल्लक आहे. पुन्हा भट्टीत घाला.

घासताना पाणी सतत हवं. 120, 220, 400, 600 ग्रिट (आकडा मोठा तशी घासपूड बारीक), शेवटी चकाकीसाठी सेरियम ऑक्साइडची पूड. प्रत्येक टप्प्यानंतर काच धुऊन, कोरडी करून तिरप्या उजेडात बघाच. ओलाव्यात चरे लपतात आणि चकाकी आल्यावर उघडे पडतात.

धातूच्या बैठकीवर न्यूट्रल क्युअर सिलिकोन (वाळताना आम्ल न सोडणारा लवचिक डिंक) लावा. कडक होणारा इपॉक्सी गोंद नको: धातू काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो.