विकास आराखड्यावर हरकत घेताना या चुका टाळा

आमच्या गावचा प्रारूप (कच्चा) विकास आराखडा, म्हणजे गावात रस्ते, शाळा, बागा कुठे होणार हे ठरवणारा आराखडा, जाहीर झाला, तेव्हा नगरपालिकेच्या सभागृहात भिंतीभर नकाशे लावले होते. लोक यायचे, मोबाइलवर फोटो काढायचे आणि निघून जायचे. मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो, कारण कुणाला आपला गट नंबर सापडायचा नाही, तर कुणाला रंगांचा अर्थ कळायचा नाही. हरकती घेण्याच्या त्या तीस दिवसांत आणि पुढच्या सुनावण्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोकांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं, पण कागदावर येईपर्यंत त्याचं गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं ऐकून घेतात आणि बाजूला ठेवतात. हरकत मात्र अशी असावी लागते की ती वाचणाऱ्या माणसाला नकाशावर नेमकं कुठे आणि काय बदलायचं हे कळलं पाहिजे.

लोकांनी लिहिल्यामुळे आराखडे बदलले आहेत. २०१५च्या फेब्रुवारीत मुंबईचा २०३४ सालापर्यंतचा प्रारूप आराखडा आला, तेव्हा त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते आणि वारसा वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. साठ हजारांहून जास्त हरकती आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. २०१६ साली सुधारित प्रारूप आलं आणि २०१८ साली मंजुरी मिळाली. गोव्यात 'प्रादेशिक आराखडा २०११' विरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला. पण लहान गावात एवढा गाजावाजा होत नाही. तिथे प्रत्येकाचा कागदच काय तो बोलतो.

"अजून प्रारूपच आहे" म्हणून थांबणं

ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप जाहीर झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. पण परिणाम व्हायला मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. कलम ४६ नुसार बांधकाम परवानगी देताना प्रसिद्ध झालेलं प्रारूपही विचारात घ्यावं लागतं. म्हणजे तुमच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण दिसलं, म्हणजे ती जागा बागेसाठी राखून ठेवलेली दिसली, की घराचा वरचा मजला तिथेच अडतो. गिऱ्हाईक मागे फिरतं, बँक जास्तीचे कागद मागते.

म्हणून जाहिरात दिसली की पहिल्या आठवड्यातच नकाशा बघायला जा. शेवटची तारीख जाहिरातीतूनच वहीत उतरवून घ्या. शेजाऱ्याने सांगितलेली तारीख धरू नका. आमच्याकडे एका कुटुंबाने वर्तमानपत्रात वाचलेल्या दिवसापासून तीस दिवस मोजले. आराखड्याची जाहीर सूचना त्याआधीच राजपत्रात आली होती आणि मुदत तिथून सुरू झाली होती. ते अर्ज घेऊन गेले तेव्हा खिडकी बंद झालेली होती.

फक्त आरक्षणाचा नकाशा बघणं

लोक थेट रंगीत प्रस्तावित नकाशापाशी जातात, आपल्या जमिनीवर काही पडलंय का ते बघतात आणि वळतात. खरी चूक बरेचदा त्याआधीच्या नकाशात असते. आराखड्यापूर्वी सध्याच्या जमीन वापराची पाहणी होते आणि तिचा वेगळा नकाशा असतो. त्यात तुमची जागा 'मोकळी' दाखवली असेल, तर पुढे तिच्यावर मैदान, बाजार किंवा वाहनतळ येणं ओघाने आलंच. नियोजन करणाऱ्याने मोकळी जागा बघितली आणि वापरली.

एका मावशींच्या बाबतीत हे मी अगदी जवळून पाहिलं. वीस गुंठ्यांचा तुकडा, त्यात बांधीव विहीर, सतरा आंबे आणि कडेला पत्र्याचं घर. पाहणीच्या नकाशात तिथे काहीच नव्हतं, नुसता पांढरा चौकोन. त्यावर शाळेचं आरक्षण पडलं होतं. मावशी चार दिवस "माझ्यावर अन्याय झाला" एवढंच सांगत होत्या. आम्ही बसून सातबारा काढला. त्यात पीकपाहणीच्या रकान्यात विहीर आणि आंबे दोन्हींची नोंद होती. मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा), विजेच्या बिलाची प्रत आणि घराचे चार दिशांनी काढलेले फोटो जोडले. अर्जात लिहिलं की सध्याच्या वापराचा नकाशा वस्तुस्थितीला धरून नाही, जागेची प्रत्यक्ष पाहणी करावी. अन्याय हा शब्द एकदाही आला नाही. पाहणीला माणूस आला. विहिरीच्या कठड्यावर बसून त्याने नोंद घेतली.

नकाशाबरोबर आराखड्याचा अहवालही मागून वाचा. लोकसंख्येचा अंदाज किती धरला आहे, किती माणसांमागे किती शाळा आणि किती मैदानं लागतात, आत्ता किती आहेत, हे त्यात असतं. तुमच्या प्रभागात शाळा पुरेशा असतील तर ते आकडे अहवालातूनच दाखवता येतात. हरकती ऐकणाऱ्या समितीला आराखड्याच्याच अहवालातला आकडा सहज नाकारता येत नाही.

एकच झेरॉक्स, हजार सह्या

गल्लीत कुणीतरी एक अर्ज टाइप करून आणतो आणि नाव-सहीची जागा सोडून सगळ्यांना वाटतो. काम झाल्यासारखं वाटतं. पण एकसारखे अर्ज एकत्र बांधले जातात, एकत्र सुनावणीला लागतात आणि त्यांच्यावर एकच ओळ लिहिली जाते. ज्याचं घर जाणार आहे आणि ज्याच्या दारातून फक्त रस्ता जाणार आहे, ते दोघे एकाच ओळीत जमा होतात.

एकत्र अर्ज द्यावा तो सामाईक गोष्टीसाठी: मैदान, स्मशानभूमी, ओढा, पाणंद, देवराई. तिथे सह्यांचं वजन असतं. आपली जमीन, आपलं घर, आपलं दुकान यासाठी प्रत्येकाने स्वतःचा अर्ज द्यावा, मग सात-आठ ओळींचा का असेना.

विरोध आहे, पण मागणी नाही

"सदर आराखड्यास माझा तीव्र विरोध आहे." या वाक्यावर समितीला काहीच करता येत नाही. आम्ही जो साचा वापरला तो असा:

"मौजे ..., गट क्र. ..., क्षेत्र ... आर. प्रारूप आराखड्यात या जागेतून १५ मीटर रुंद रस्ता प्रस्तावित आहे. या रस्त्याच्या रेषेत माझे सन ... पासूनचे परवानगीप्राप्त घर येते (परवानगीची प्रत जोडली आहे). पूर्वेकडील अस्तित्वातील ९ मीटर रस्ता रुंद केल्यास हाच उद्देश साध्य होतो, त्या बाजूस बांधकाम नाही (नकाशाची प्रत व फोटो जोडले आहेत). मागणी: प्रस्तावित रस्त्याची रेषा पूर्वेकडे सरकवावी. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी."

जागा कुठली, प्रस्ताव काय, अडचण काय, पुरावा कुठला आणि त्याऐवजी काय करावं, एवढं आलं की अर्ज पुरा झाला. 'त्याऐवजी काय' हा भाग लोक टाळतात. तो आपला विषय नाही, असं त्यांना वाटतं. पण रस्त्याची रेषा काढणाऱ्याला तुमच्या गल्लीतला ओढा कुठून वळतो हे माहीत नसतं. तुम्हाला असतं.

जमीन आपल्या नावावर नाही म्हणून गप्प बसणं

कायदा हरकत घेणारा मालकच असावा असं म्हणत नाही. कोणीही लिहू शकतो. तरी भाडेकरू, गाळेवाले, गॅरेजवाले, टपरीवाले यांतलं कुणीही फिरकत नाही, कारण घर किंवा गाळा कुणा दुसऱ्याचा असतो.

आमच्या बाजारपेठेतला एक औषध दुकानदार बावीस वर्षं भाड्याच्या गाळ्यात आहे. रस्ता नऊ मीटरचा पंधरा मीटर होणार होता आणि त्याच्या गाळ्याचा अर्धा भाग त्यात जात होता. गाळामालकाला ते माहीत होतं. उरलेल्या जागेवर जास्तीचं बांधकाम मिळेल या आशेने तो खूश होता, म्हणून त्याने सांगितलं नाही. दुकानदाराला कळलं ते भिंतीवर लाल रंगाची खूण पडली तेव्हा. तोवर मुदत संपून गेली होती. त्याच रांगेतल्या अकरा दुकानांपैकी एकानेही हरकत घेतली नव्हती. व्यापारी संघाची बैठक झाली ती खुणा पडल्यावर.

व्यवसाय असेल तर तोटा नुसता 'धंद्याचं नुकसान' असं लिहून सोडू नका. दुकान परवाना किंवा नोंदणी किती सालची आहे, किती माणसं कामाला आहेत, मालाची गाडी कुठे उभी राहते, गिऱ्हाईक कुठून चालत येतं, हे लिहा. पर्यायी जागेची मागणी असेल तर तीही याच अर्जात लिहा.

जे हवं आहे त्यासाठी कुणीच न लिहिणं

याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते. लोकांना वाटतं, विरोध असेल तरच लिहायचं. पण कायद्यात 'हरकती' बरोबर 'सूचना' हाही शब्द आहे. तुमच्या भागात मुलांच्या मैदानाचं आरक्षण पडलं आणि तुम्हाला आनंद झाला, तर तसं लिहून द्या. कारण त्या जमिनीचा मालक 'आरक्षण वगळावे' असा अर्ज देणारच, तो त्याचा हक्क आहे. समितीपुढच्या फाइलमध्ये वगळा म्हणणारा एक अर्ज आहे आणि ठेवा म्हणणारा एकही नाही, अशी स्थिती असली तर त्या मैदानाची बाजू मांडायला कुणी उरत नाही. अशी किती मैदानं आणि दवाखाने कागदावरच पुसले गेले असतील, याचा विचार करून मला वाईट वाटतं. ज्या बायका पाण्याच्या टाकीची वाट बघत होत्या, ज्या मुलांना खेळायला रस्ताच होता, त्यांच्यातल्या कुणालाही कुणी सांगितलंच नव्हतं की लिहून द्या.

पोच न घेणं

अर्ज पेटीत टाकून येऊ नका. दोन प्रती न्या, आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. कुणी "ठेवा तिथे, होईल" म्हणालं तर नम्रपणे थांबून राहा. तरीही पोच मिळत नसेल तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. जोडपत्रं किती पानांची आहेत ते अर्जाच्या तळाशी लिहा, नाहीतर सुनावणीच्या वेळी फाइलमध्ये फोटो नसतात आणि तुमच्याकडे ते दिल्याचा पुरावा नसतो.

सुनावणीला न जाणं, किंवा जाऊन भांडणं

हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात नगरपालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार असतात. तुमच्या वाट्याला येतात पाच मिनिटं, गर्दी असली तर तीनच. पत्ता बदलला असेल तर आधी कळवा, कारण बोलावणं जुन्या पत्त्यावर जातं आणि गैरहजेरीची नोंद होते. म्हातारी माणसं असतील तर अधिकारपत्र देऊन मुलीला किंवा मुलाला पाठवा.

तिथे इतिहास सांगू नका. नकाशाची मोठी प्रत न्या, आपल्या जागेवर लाल पेनाने गोल करा, बोट ठेवून दाखवा आणि मागणीचं वाक्य वाचा. निघताना लेखी म्हणणं पुन्हा द्या, पुन्हा पोच घ्या. नगरसेवक ओळखीचे आहेत म्हणून तोंडी सांगून आलेले लोक मी पाहिले आहेत. इतिवृत्तात त्यांचं नावही नव्हतं.

प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीचे नियम वेगळे आहेत, तेवढं थोडक्यात. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं. किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. तिथे कोरम, म्हणजे ठरावीक किमान हजेरी, लागत नाही. म्हणून बहिष्कार घातला तरी सुनावणी झाली असंच नोंदलं जातं. ज्यांना निषेध करायचा आहे त्यांनी तो लेखी देऊनच बाहेर पडावं. तिथल्या व्यासपीठावर बसलेले अधिकारी प्रकल्पाचा निर्णय घेत नाहीत. इतिवृत्त पुढे तज्ज्ञ समितीकडे जातं आणि तिथे वाचला जातो तो कागद. सारांश मराठीत नसेल तर ते स्वतंत्रपणे लिहून द्या. भाषेची तक्रार क्षुल्लक नसते. २०२० साली पर्यावरण अधिसूचनेच्या मसुद्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं होतं आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवून दिली होती.

सुनावणी झाली की फाइल माळ्यावर टाकणं

समितीच्या अहवालानंतर बदललेला आराखडा पुन्हा प्रसिद्ध होतो, मग तो मंजुरीसाठी शासनाकडे जातो. शासनाला मोठे बदल करायचे असतील तर त्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ही दुसरी सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि तेव्हा गाव झोपलेलं असतं. पहिल्या वेळी वगळलेला रस्ता दुसऱ्या सूचनेत परत आलेला मी पाहिला आहे. ज्यांनी पहिली पोच जपली होती, त्यांनी तिची प्रत जोडून दोन दिवसांत नवी हरकत दिली.

आणि आरक्षण कायम राहिलंच, तर अंतिम आराखडा अमलात आल्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्या तारखेपासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर १९६६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालकाला खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. दहा वर्षांनी ती फाइल बहुधा तुमची मुलं उघडतील. त्यांना गट नंबर, नकाशाची प्रत आणि शिक्क्याची पोच एकाच जागी सापडेल अशी ती बांधून ठेवा.