धोबीपछाड मारायची कशी, मातीत खेळणाऱ्या पोरांसाठी

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या नाहीतर लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या कुस्त्या बघून आलं की गावातली पोरं धोबीपछाड शिकवा म्हणून मागं लागायलेत. समोरचा खांद्यावरून गरकन फिरून पाठीवर आदळतो अन फडात शिट्ट्या सुरू होतात, ते बघून पोरांना वाटतं खांद्यात लई ताकद पाहिजे. खांद्याचं काम कमी आहे बाबांनो, डाव पायात आहे अन वळायच्या आधीच्या ओढीत आहे.

पण आधी पडायला शिक. मी 16 वर्षाचा असताना जोडीदाराला न सांगता ही मारली, त्यानं घाबरून पंजा खाली टेकवला अन मनगट मोडलं, त्याचा त्या वर्षीचा कुस्त्यांचा हगामा गेला. अजून ते डोळ्यासमोर आहे. म्हणून हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा खड्डा, फावड्यानं खणून भुसभुशीत करून घ्यायचा, आपली काळी माती त्याला चालत नाही, वाळली की ढेकळं होतात, म्हणून तर तालमीत तांबडी माती आणून त्यात ताक, तेल, हळद टाकतात. पडताना हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा अन मोकळा हात खांद्यापासून पंजापर्यंत सपाट जमिनीवर मारायचा, पंजा कधीच टेकवायचा नाही. आधी उकिडवं बसून कर, आठवडाभर, मग उभ्यानं.

आता डाव. उजव्या हाताचं सांगतो. खडाखडी, म्हणजे उभ्यानं हाताची झटापट, चालू असताना समोरचा तुझ्या मानेवर उजवा हात टाकून दाबायला लागला की तीच वेळ, कारण तो स्वतःच पुढं यायलाय. डाव्या हातानं त्याचा दंड कोपराच्या वर बाहेरून घट्ट धर अन आपल्याकडं, जरा वर ओढ, इतकं की त्याच्या टाचा उचलल्या पाहिजेत. टाचा मातीतच असतील तर वळूच नको, फुकट पाठ देशील. ज्युडोत हाच डाव इप्पोन सेओई नागे नावानं आहे, तिथंही आधी तोल काढणं, मग आत शिरणं, मग फेकणं असंच शिकवतात, फक्त त्यांना धरायला जाकीट असतं, आपल्याला घामेजलेला दंड, म्हणून हाताला माती चोळून घे.

ओढ तशीच चालू ठेवून उजवा पाय त्याच्या उजव्या पायासमोर टाक, चवड्यावर गिरकी घे अन डावा पाय मागून फिरवून त्याच्या डाव्या पायासमोर आण, दोन्ही पाय त्याच्या पायांच्या आतल्या अंगाला. वळता वळता उजवा हात त्याच्या उजव्या बगलेखाली घाल अन दंड अन कोपराच्या बेचक्यात त्याचा हात आवळ. गुडघे वाकव, तुझी कंबर त्याच्या लंगोटाच्या पट्ट्याच्या खाली गेली पाहिजे. लई पोरं इथंच चुकतात, गुडघे ताठ ठेवून कंबरेतून वाकतात अन सगळं वजन मणक्यावर घेतात, चार दिवसांनी कंबर धरून बसतात. खांदा बगलेत खोल गेला पाहिजे, नुसता त्याचा ताठ कोपर खांद्यावर घेऊन खाली ओढलं तर कोपर उखडतो.

मग गुडघे झटक्यात सरळ कर, मान डावीकडं वळव अन त्याचा हात आपल्या डाव्या गुडघ्याकडं ओढ. तो आपोआप वरून जातो. तो खाली जाताना धरलेला हात सोडू नको, शेवटी जरा वर ओढून धर म्हणजे त्याचं डोकं वाचतं.

चुकलं कुठं हे आमचे वस्ताद पाठ बघून सांगायचे. जोडीदाराच्या छातीला ओली माती फासायची, डावात शिरायचं अन तिथंच थांबायचं, मग पाठ दाखवायची. माती पाठभर, कंबरेपर्यंत उमटली तर बरोबर, नुसत्या खांद्यावर डाग पडला तर मधी पोकळी राहिली, फेक नीट होणारच नाही. मी अजून पोरांना असंच तपासतो, मोबाईलवर शूटिंग करण्यापेक्षा हे लवकर कळतं.

रोज 50 वेळा नुसतं आत शिरायचं, फेकायचं नाही, दर दहाव्या वेळेला एकदा फेकायचं. जोडीदार नसेल तर सायकलची जुनी ट्यूब लिंबाच्या झाडाला बांध अन ती ओढत वळ, पायाला सवय लागते.

तोडही माहीत पाहिजे. समोरचा हुशार असेल तर तू वळलास की खाली बसतो, कंबरेला हात घालून मागं जातो अन तुलाच खाली पाडतो. डाव अडकला असं वाटलं की तसाच उभा राहू नको, हात सोड अन डाव्या बाजूनं फिरून लगेच तोंड त्याच्याकडं कर, अन पुढच्या वेळेला त्यानं मानेवर हात टाकून जोर लावेपर्यंत थांब.