आठवडाभराचा परदेशी कोर्स आणि एक दिवसाची सहल
कोर्ससाठी आठवडाभर परदेशी जाताय? सहल पहिल्या 2 दिवसांत अजिबात ठेवू नका. वेळेतल्या दर तासाच्या फरकाशी जुळायला शरीराला साधारण 1 दिवस लागतो. दुपारच्या लेक्चरला डोळे मिटतात ते त्यामुळेच. पूर्वेकडे गेला असाल तर सकाळच्या उन्हात चाला, पश्चिमेकडे गेला असाल तर संध्याकाळच्या. सहल चौथ्या-पाचव्या दिवशी बरी, पण प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी नको. परतीची शेवटची गाडी कितीची आहे ते आधीच बघा आणि तिच्या आधीचीच पकडा. ती सुटली तरी एक हातात राहते. नकाशा डाउनलोड करा, मुक्कामाचा पत्ता मात्र कागदावर लिहून खिशात ठेवा. दिवसभर फोटो काढून बॅटरी नेमकी परतताना संपते.