अडीच लिटर आत घालण्याआधी

चिन्मय, आधी आरसी बुक काढ. पाने, चेन पुली, मिस्त्री सगळं नंतर. तुझ्या ट्रायम्फ जीटी-६ ला दोन लिटरच्या जागी ट्रायम्फच्याच २५०० सेदानचं अडीच लिटरचं इंजिन बसवलं की गाडीच्या कागदावरच्या दोन गोष्टी खोट्या ठरतात, इंजिन नंबर आणि सीसी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच्यासाठीच आहे. नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल मनाने करायचा नसतो, आधी आरटीओची मंजुरी लागते. "मामा, दोन्ही इंजिनं एकाच कंपनीची, बाहेरून ओळखूसुद्धा येत नाहीत" असं तू फोनवर म्हणालास. खरं आहे. पण अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेयर ब्लॉकवरचा नंबर वाचतो, तो घराणं बघत नाही. तेव्हा अर्ज, दोन्ही इंजिनांच्या नंबरांचे फोटो, २५०० ज्यांच्याकडून घेतली त्यांचं विक्रीपत्र आणि तिची जुनी आरसी एका फायलीत लावून दरजीपुऱ्याच्या आरटीओत एक चक्कर मार. तिथून होकार आल्याशिवाय एक बोल्टही सैल करू नकोस.

याच चकरेत दुसरा निर्णय होऊन जाऊ दे. तुझी जीटी-६ १९७१ ची, म्हणजे पन्नाशी उलटलेली. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी विंटेजचे नियम आणले. 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ चालत नाही, आणि ती रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर गाड्यांचा तो मोठा मेळा भरला तेव्हा तूच माझ्याबरोबर तोंड उघडं टाकून फिरत होतास. तसल्या हिरवळीवर गाडी उभी करायची असेल तर हा सगळा बेत आत्ताच सोड आणि दोन लिटरचंच इंजिन नीट बांधून घे. पावागडला जाऊन यायची गाडी हवी असेल तर पुढे वाच. दोन्ही हवं म्हणालास तर मी फोन ठेवून देईन.

आता हातात काय पडणार आहे ते समजून घे, म्हणजे नंतर हिरमोड नको. दोन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७४.७ मिलिमीटरच. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, मात्र ७६ चा ९५ होतो, म्हणून १९९८ सीसीचे २४९८ होतात. लांब स्ट्रोकचं इंजिन खालून ओढतं, वर पळायला तेवढं राजी नसतं. ट्रायम्फच्याच टीआर-६ या स्पोर्ट्स गाडीच्या विलायती इंजिनाची दीडशे हॉर्सपॉवर लोक सांगतात ती इंजेक्शनवाल्याची. आपण आणलेलं सेदानचं आहे, दोन कार्ब्युरेटरचं. ते शंभरीच्या आसपासच. तुझं जुनं इंजिनही त्याच पंगतीतलं. म्हणजे आकडा फारसा वाढणार नाही, तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढेल एवढं सुख मिळेल. मला विचारशील तर आपल्या रस्त्यांना तेच हवं. ल्यूकसचं ते मेकॅनिकल इंजेक्शन कुणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस. त्याचा पेट्रोल पंप इंग्लंडच्या उन्हाळ्यात तापायचा, बडोद्याच्या मे महिन्यात तो काय करेल ते सांगायला नको.

ब्लॉक बाहेरून सारखा असला तरी सेदानचं इंजिन आहे तसं उचलून आत बसणार नाही. जुन्या इंजिनावरून काय काय काढून नव्यावर चढवायचं त्याची यादी भिंतीवर खडूने लिही: पुढची प्लेट, कारण इंजिन चेसिसवर बसवायचे फाउंडेशनचे कान तिलाच आहेत, मागची प्लेट, कारण गिअरबॉक्सचं तोंड तिच्यावर बसतं, ऑइल चेंबर, त्याच्यासोबत आतली तेल ओढायची नळी आणि डिपस्टिक. हे तीन एकाच घरचे असू दे. चेंबर एकाचं आणि डिपस्टिक दुसऱ्याची झाली की तेल किती आहे ते कधीच कळत नाही. वॉटर पंप, पुली, पंखा जुनाच ठेव. रेडिएटरपुढे जागा बोटभर आहे. फ्लायव्हीलचं मात्र गृहीत धरू नकोस. या घराण्यात क्रँकची शेपटी आणि तिथले बोल्ट वर्षावर्षाला बदलत गेले. दोन्ही क्रँक शेजारी ठेवून बोल्टची जाडी, त्यांच्या भोकांचं वर्तुळ आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात बसतं तो स्पिगॉट बुश व्हर्नियरने मोज. डोळ्यांवर विसंबू नकोस.

आता ज्यासाठी हे लांबण लावलं ते. ट्रायम्फच्या सहा सिलिंडरला एक जन्मखोड आहे, थ्रस्ट वॉशर. क्रँकला पुढेमागे सरकू न देण्याचं सगळं काम मागच्या मेन बेअरिंगपाशी बसवलेल्या दोन अर्धचंद्रांवर. क्लच दाबला की क्रँक पुढे रेटला जातो आणि मागचा वॉशर घासतो. झिजून पातळ झाला की एक दिवस निसटून चेंबरमध्ये पडतो. मग लोखंडावर लोखंड, आणि क्रँक आणि ब्लॉक दोन्ही गेले. म्हणून त्या २५०० चं हेड उघडण्याआधी, पिस्टन बघण्याआधी, पुढच्या पुलीवर डायल गेज लाव आणि क्रँक पुढेमागे ढकलून बघ. डायल गेज नसेल तर फिलर गेज. आठ थाऊच्या, म्हणजे इंचाच्या आठ हजारांशाच्या, वर हालचाल नको. जास्त असेल तर ओव्हरसाइज वॉशर मिळतात. पण ब्लॉकमधली वॉशरची बैठकच खाल्लेली असेल तर तो ब्लॉक भंगारात, त्याच्यावर एक रुपया घालू नकोस. गाडी चालू झाल्यावरही अकोटा पुलाच्या सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभा राहण्याची तुझी सवय सोड. न्यूट्रल, हँडब्रेक, पाय बाजूला.

मशिन शॉपला जॉब देताना कागद दे. तोंडी सांगणं नको. माझ्या ट्रायम्फ हेराल्डचा क्रँक मकरपुऱ्यात एकाने 'नेहमीच्या मापाला' घासून दिला होता. त्याचं नेहमीचं माप ट्रॅक्टरचं होतं. बेअरिंग आधी विकत आण, हातात धर, त्याच्या पाकिटावरचं माप चिठ्ठीवर उतरव, चिठ्ठी आणि बेअरिंग दोन्ही क्रँकसोबत पाठव. बोअर करायचा तर पिस्टनही सोबत. आणि सगळ्यांच्या आधी ब्लॉकचे पाण्याचे मार्ग खरवडून धुऊन घे. पन्नास वर्षांचा गाळ मागच्या दोन सिलिंडरांभोवती बसतो, आणि मग तीच दोन तापतात. हेड शॉपला गेलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घे. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढली, आणि देशात ते २००० पासून मिळत नाही.

पेट्रोलवरून आठवलं. पंपावर आता इथेनॉल मिसळलेलंच मिळतं, वीस टक्क्यांपर्यंत. जुन्या रबराला ते खातं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे होज, पंपाचा पडदा, फ्लोटच्या सुईचं रबर, एकही जुनं ठेवू नकोस. आठवडाभर बंद ठेवायची गाडी असेल तर टाकी भरून ठेव, अर्धी नको, ओल धरते. कार्ब्युरेटर तुझे जुने स्ट्रॉम्बर्ग चालतील, सुया बदलाव्या लागतील. मॅनिफोल्ड आधी हेडवर समोरासमोर धरून पोर्ट जुळतात का बघ, नंतर बॉनेट मिटतं का तेही.

गिअरबॉक्सबद्दल थोडकं. तो या ओढीसाठी बनलेला नाही. उघडून बेअरिंग नवी घाल आणि पुढे चालवणाऱ्याने भान ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. मागच्या डिफरन्शियलचा रेशो मात्र बघून घे: ३.२७ असेल तर बदलू नकोस, लांब स्ट्रोकला तोच शोभतो.

मागच्या चाकांकडे जास्त लक्ष हवं. १९७१ च्या गाडीला रोटोफ्लेक्स आहेत, ती मोठी रबरी कडी. पहिल्या जीटी-६ चा मागचा अ‍ॅक्सल वळणावर चाक आत दुमडायचा, त्यावर बोंब झाली आणि १९६८ मध्ये ही रबरं आली. दोन लिटरलाच ती चिरतात, अडीचला नवी हवीत. नवं रबर पोलादी पट्टीने आवळलेलं येतं. ती पट्टी बसवून बोल्ट आवळेपर्यंत कापायची नाही. आधी कापलीस तर ते रबर पुन्हा दाबायला तुझ्या बाबांचे सगळे मित्र बोलवावे लागतील.

पुढच्या चाकांसाठी माणूस शोध, पार्ट नंतर. हेराल्ड मद्रासला बनत होती, आणि जीटी-६ च्या खाली तिचंच आखूड केलेलं चेसिस आहे. रावपुऱ्याच्या गल्ल्यांत हेराल्डवर हात काळे केलेले म्हातारे मिस्त्री अजून सापडतात. त्यांना एकच प्रश्न विचार: ट्रनियनमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाच्या खालच्या फिरत्या सांध्यात, काय घालता? "ग्रीस" म्हणाला तर चहा पाजून परत पाठव. तिथे नव्वद नंबरचं गिअर ऑइल जातं. ग्रीसने आतले आटे कोरडे पडतात, गंजतात आणि एक दिवस वळणावर चाक हातात येतं. तेल म्हणाला तर त्याला सोडू नकोस. ब्रेकचं काम त्याच्याकडूनच करून घे, मास्टर सिलिंडर, होजपाइप, पुढच्या डिस्क, सगळं इंजिन आत जायच्या आधी. गाडी पळायला लागल्यावर थांबवण्याचं काम नेहमी पुढच्या महिन्यावर जातं.

रेडिएटरची जाळी नवी भरून घे, एक ओळ वाढवून. विजेचा पंखा लावायचा तर डायनमोवर भागणार नाही, तुझ्या गाडीला अल्टरनेटर आहे म्हणून ठीक. पाण्यात कूलंट घालच. नुसतं बोअरवेलचं पाणी घातलंस तर दोन वर्षांत आत पुन्हा तोच गाळ.

आता दिवस. नवरात्रात जॉब देऊ नकोस. बडोद्यातला कारागीर रात्री गरब्यात असतो आणि दिवसा लेथवर डुलक्या घेतो. दिवाळीनंतर लाभपाचमेला दुकानं उघडली की त्याच दिवशी क्रँक पोचता कर. डिसेंबरात बांधणी. उत्तरायणाच्या आधी इंजिन आत गेलं पाहिजे, कारण १४ आणि १५ जानेवारीला कुणी पाना उचलत नाही, आणि १६ ला पतंगांपायी मान आखडलेली असते.

उचलायच्या दिवशी तिघं पुरेत. या गाडीचं अख्खं नाक पुढे उलटतं, बिजागरीचे बोल्ट काढले की बाजूलाच ठेवता येतं, इतकी सोयीची गाडी मी दुसरी पाहिली नाही. गिअरबॉक्स मात्र खालून निघत नाही. सीट काढायच्या, मधलं कव्हर काढायचं आणि तो घराच्या बाळंतिणीसारखा जपून दारातून बाहेर आणायचा. जुनी चादर अंथर, कार्पेटवर तेल सांडलं तर ताई मला बोलेल. पाने इंची लागतील, मेट्रिकचा बारा-तेरा लावून बोल्टची डोकी गोल करू नकोस. प्रत्येक वायरला कापडी पट्टी बांधून नाव लिही. डिस्ट्रिब्युटरचा फोटो काढ. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, हीही भिंतीवर खडूने.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून ठेव आणि तेलाच्या प्रेशरचा काटा हलेपर्यंत नुसता स्टार्टर मार. मग प्लग लाव. पेटलं की आयडलवर ठेवू नकोस. नवा कॅमशाफ्ट घातला असेल तर वीस मिनिटं दोन हजाराच्या आसपास धर. तेल वीस-पन्नास, जस्त असलेलं. हेड पुन्हा आवळणं, टॅपेट, पाचशे किलोमीटरला तेल बदलणं. पहिली फेरी हालोल रस्त्याने. पावागडचा माचीपर्यंतचा चढ नंतर, एक्स्प्रेसवे त्याहून नंतर. उतरल्यावर पुलीवर परत डायल गेज लाव आणि आकडा वहीत लिही.

आणि काढलेलं दोन लिटरचं इंजिन विकू नकोस. कुणीतरी तासाभरात गिऱ्हाईक घेऊन येईलच. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल ओत, प्लग परत लाव, कार्ब्युरेटरच्या तोंडात फडकं कोंब, नंबरची पाटी पुसून फोटो काढ आणि तो आरसीच्या फायलीत ठेव. समाच्या घरात तळमजल्याला ठेवायचं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने तुमचा फ्रीज कुठवर नेला होता ते आठव. माझ्या दांडिया बाजारच्या माळ्याची तुळई सागाची आहे. चेन पुली तूच आण.